पाहुणी म्हणून तीन रात्री

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी व्यासपीठाच्या मागे असते. मसालेभाताला मीठ पुरते आहे ना, पत्रावळी मोजून आल्या आहेत ना, एवढेच माझे भाषण. यंदा चिटणीसबाईंनी मला हाताला धरून पुढे आणले व म्हणाल्या, "तुम्ही त्या ग्रीसच्या बेटावर हॉटेलात राहून आलात, त्याची हकीकत सांगा." मी सातवी शिकलेली बाई. आजवर लिहिले ते किराण्याचे व दुधाचे हिशेब. तेव्हा बोलण्यात काही पुढेमागे झाले तर पदरात घ्यावे.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. परत आल्यापासून कितीतरी जणींनी मला विचारले की त्या खोलीचे भाडे किती होते. प्रत्येकीला मी निराळे उत्तर दिले. कोणाला 'भाचीला ठाऊक', कोणाला 'तिला सवलत मिळाली', आणि पलीकडच्या काकूंना तर चक्क 'फुकट' म्हणून सांगितले. ही तिन्ही उत्तरे खोटी होती. खरे काय ते आज सांगणार आहे, पण ओघात येईल तेव्हा.

माझी भाची आपल्यापैकी बहुतेकींना माहीत आहे. माझी बहीण गेली तेव्हा ही तिसरीत होती. तेव्हापासून नोकरीसाठी जर्मनीला जाईपर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, ती माझ्याच घरी माझ्या दोन मुलांबरोबर वाढली. तिने २०२४ च्या सप्टेंबरात मला महिनाभरासाठी तिकडे बोलावून घेतले. पासपोर्ट काढण्यापासून माझी तयारी होती, त्यात आमच्या घरच्यांनी किती थट्टा केली ते सांगत बसत नाही. तिकडे पोचल्यावर थंडीने माझे गुडघे धरले, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, चल, तुला उन्हात नेते." मला वाटले जवळच कोठे बाग असेल. तिने विमानाची तिकिटे काढली होती! तीन तासांच्या आसपास उडाल्यावर खाली निळ्या समुद्रात एक काळेतांबडे बेट दिसले. त्याच्या काठावर कोणीतरी मीठ सांडावे तशी पांढरी घरे दिसत होती.

या बेटाला आपण सँटोरिनी म्हणतो, तेथले लोक थिरा म्हणतात. हे बेट म्हणजे एका मोठ्या ज्वालामुखीचा उरलेला काठ आहे. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी तो फुटला, मधला भाग खाली बसला आणि त्यात समुद्र शिरला. एखाद्या मोठ्या कढईचा अर्धाअधिक काठ पाण्याबाहेर राहावा, तसे ते दिसते. तो कडा काही ठिकाणी ३०० मीटर उंच आहे. त्यात काळे, तांबडे, राखाडी थर एकावर एक दिसतात. मधोमध पाण्यात दोन काळी लहान बेटे आहेत. त्यांतले एक १९५० साली शेवटचे फुटले होते. हे मला आधी कळले असते तर मी गेलेच नसते.

आमचे हॉटेल ईआ नावाच्या गावी होते. बेटाच्या अगदी उत्तर टोकाला, कड्यावर. भाची म्हणाली, "मावशी, हे बुटीक हॉटेल आहे." मी म्हटले, "अग, ब्लाऊज शिवायला टाकायचे आहेत का?" आपल्याकडे बुटीक म्हणजे तेच ना! तिने हसत हसत सांगितले की ज्या हॉटेलात खोल्या थोड्या, प्रत्येक खोली निराळी आणि मालक जातीने लक्ष घालतो, त्याला तसे म्हणतात. येथे बारा खोल्या होत्या.

गाडी वरच्या रस्त्यापर्यंतच जाते. पुढे सगळ्या पायऱ्या, त्याही खाली उतरणाऱ्या. एक तरुण मुलगा आला आणि त्याने माझी पेटी उचलून खांद्यावर घेतली. मी ती ओढून घेऊ लागले, कारण पेटीत लिंबाचे लोणचे होते आणि बरणी उभीच राहिली पाहिजे होती. त्याला वाटले बाई विश्वास ठेवीत नाही. तो ओढी, मी ओढी. शेवटी भाचीने त्याला काहीतरी सांगितले, तेव्हा त्याने पेटी दोन्ही हातांत, देव्हारा न्यावा तशी उभी धरून नेली. जवळजवळ शंभर पायऱ्या असतील. त्या मुलाच्या मानेवर खांद्याजवळ घट्टा पडला होता.

आता खोली. भगिनींनो, ती खोली नव्हतीच, गुहा होती. समोर फक्त एक दार, दाराच्या दोन बाजूंना दोन खिडक्या आणि दारावर एक झरोका. आत लांबच लांब बोगदा, वरून कमानदार, सगळा पांढराशुभ्र. भिंतीला कोपरा म्हणून नाही. आपल्या लहानपणी माहेरी दिवाळीच्या आधी भिंती पोतारायच्या, तेव्हा हात फिरत फिरत कोपरा गोल होत असे, तसे सगळे गोल. मी पहिल्यांदा काय केले असेल तर भिंतीवरून तळवा फिरवला. भिंत गार होती आणि थोडी ओबडधोबड. मला एकदम माहेरच्या ओसरीत गेल्यासारखे वाटले. पुढे पाहते तो पलंगावर सहा उशा, न्हाणीघरात दगडी टाके, दारापुढच्या अंगणात एक लहानसे तळे, त्यात निळे पाणी, आणि तळ्याच्या पलीकडे कठडा व कठड्याच्या पलीकडे एकदम आकाश. दोन माणसांना सहा उशा कशाला, हे मला शेवटपर्यंत समजले नाही.

सवयीने मी संध्याकाळी साडी धुतली आणि त्या पांढऱ्या कठड्यावर वाळत घातली. हिरवी इरकली होती. पाच मिनिटांत वरच्या पायऱ्यांवर माणसे जमली आणि साडीचे फोटो काढू लागली. एका गोऱ्या नवराबायकोने तर खुणेने विचारले की आम्ही हिच्यापुढे उभे राहू का? इतक्यात हॉटेलातली मुलगी धावत आली. कठड्यावर कपडे वाळत घालण्याची मनाई होती. ती बिचारी इतक्या अदबीने सांगत होती की मलाच लाज वाटली. साडी आत नेली आणि न्हाणीघरात टाकली. फोटो मात्र कोणाकोणाच्या घरी गेले असतील देव जाणे.

त्याच रात्री भाड्याचा आकडा कळला. भाची न्हायला गेली होती आणि टेबलावर कागद पडला होता. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. एका रात्रीचे ४०० युरो. एक युरो म्हणजे तेव्हा ९२ रुपयांच्या आसपास होता. मी बोटांवर हिशेब केला. एका रात्रीचे छत्तीस-सदतीस हजार रुपये. तीन रात्रींचे लाखाच्या वर! मी पलंगावरून उठून खाली जमिनीवर बसले. एवढ्या पैशांत आमच्या मागच्या खोलीवरचे पत्रे काढून स्लॅब पडला असता.

ती बाहेर आल्यावर मी बोलू नये ते बोलले. म्हटले, "ही उधळपट्टी तुला कोणी शिकवली? मी तर शिकवली नाही." ती गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "मावशी, तुझ्या घरी मी सोळा वर्षे राहिले. त्याचे भाडे किती झाले ते सांग. मग आपण दोघी हिशेब करू."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि खरे सांगते, मला ते लागले. ही फेड करते आहे की काय, असे मनात आले. बहिणीच्या लेकराला सांभाळले ते काय कर्ज म्हणून? दोघी पाठ करून निजलो. सहा उशा मध्ये होत्या.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे पहाटे उठले. करायला काहीच नाही. मग मी माझ्या बाजूची चादर ताणून घडी केली, न्हाणीघर पुसून काढले, कप विसळून उपडे घातले, केर काढायला झाडू शोधला तो मिळाला नाही. भाची उठल्यावर तिचीही बाजू आवरली. नऊच्या सुमारास खोली साफ करणारी बाई आली. माझ्याच वयाची, डोक्याला रुमाल, हातावर चादरींचा ढीग. तिने खोली पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. मला वाटले होते ती खूश होईल. तिने मोडक्या इंग्रजीत भाचीला विचारले, "काल काही चुकले का? बाईंनी तक्रार केली का?"

भगिनींनो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. पाहुण्याने स्वतः खोली आवरली म्हणजे आवरणारीचे काम पसंत पडले नाही, असा तेथे अर्थ होतो. माझी ती सवय, पण तिची ती भाकरी. मी भाचीला म्हटले, "तिला सांग की ही आमची खोड आहे, राग नाही." आणि मी अंगणात खुर्ची घेऊन गुपचूप बसले. दार उघडेच होते, ती काय करते ते मी पाहत राहिले.

तिने मी केलेली सगळी घडी मोडली. चादर झटकून अशी टाकली की एकाच झटक्यात मधोमध पडली. कोपरे दुमडून गादीखाली असे खोचले की पाकीट बंद करावे. वाकून उठताना तिने कमरेवर हात ठेवला, अगदी आपण ठेवतो तसा, आणि तोंडातून तोच आवाज काढला. त्याला ग्रीक नाही नि मराठी नाही. माझ्या जन्मात माझे अंथरुण दुसऱ्या कोणी घातले ते दोन बाळंतपणांत, तेही आईने. मी खुर्चीत बसले होते खरी, पण माझे हात मांडीवर नुसते वळवळत होते.

मग ती आमच्याशी बोलू लागली. ती ग्रीक नव्हती, अल्बानियाची होती. दिवसाला सहा खोल्या तिच्याकडे, सहा दुसरीकडे. चादरी पायऱ्यांवरून वर न्यायच्या आणि धुतलेल्या खाली आणायच्या. एप्रिलच्या सुमारास हॉटेल उघडते, ऑक्टोबर संपता संपता बंद होते. तेवढ्या महिन्यांत वर्षाचे मिळवायचे. राहायला बेटाच्या आतल्या गावात एक खोली, तीही दुसरीबरोबर वाटून घेतलेली. कारण बेटावर जी म्हणून खोली रिकामी होते ती प्रवाशांना दिली जाते. भाची म्हणाली की शाळेच्या मास्तरांना व दवाखान्यातल्या डॉक्टरांनासुद्धा तेथे घर मिळता मिळत नाही. बेटावर राहणारी माणसे पंधरा हजारांच्या आसपास, आणि वर्षाला येणारे प्रवासी तीस लाखांच्या वर. लग्नघरी घरच्यांनी कोठे झोपावे, असा प्रकार.

आता या गुहेची हकीकत सांगते, ती मला हॉटेलच्या मालकीणबाईंनी सांगितली. साठीच्या पुढच्या, काळा झगा, केस पांढरे. सकाळच्या फराळाच्या वेळी त्या प्रत्येकाच्या टेबलापाशी येत. भाची दुभाषी. मी विचारले, "बाई, ही गुहा कोणी खणली?" त्या म्हणाल्या, "गरिबांनी."

ज्वालामुखीची राख बसून जो थर झाला तो इतका मऊ की कुदळीने खणता येतो, पण कमान धरून उभा राहतो. बेटावर लाकूड नाही, म्हणून छप्पर कशाचे घालणार? तेव्हा ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांनी कड्यात बोगदे खणले व त्यात संसार मांडले. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. ईआ गाव खलाशांचे. जहाजांचे कप्तान कड्याच्या वर मोठी दुमजली घरे बांधीत आणि त्यांच्या हाताखालचे खलाशी खाली गुहांत राहत. ज्या खोलीत आम्ही दोघी सहा उशा घेऊन निजलो होतो, त्यात एका खलाशाची बायको, सासू आणि सहा मुले राहत. दाराशी चूल, त्यापुढे बसाउठायची जागा, आणि अगदी आत अंधारात निजायचे. म्हणूनच दारावर तो झरोका, धूर जायला व आत उजेड यायला.

हीच राख चुन्यात मिसळली की गिलावा पाण्याखालीसुद्धा घट्ट होतो. सुएझचा कालवा १८५९ ते १८६९ या काळात झाला, त्याच्या कामासाठी या बेटावरून जहाजे भरभरून ही माती गेली. म्हणजे पायाखालची मातीसुद्धा विकून खाल्ली म्हणावयाची.

मग आगबोटी आल्या, शिडाची जहाजे बसली, गाव उतरणीला लागले. त्यातच ९ जुलै १९५६ रोजी पहाटे मोठा भूकंप झाला. ५३ माणसे गेली. घरे कोसळली, गुहा बुजल्या. पुष्कळ लोकांनी दार ओढून घेतले आणि अथेन्सला निघून गेले. मालकीणबाईंचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या आईने त्या दिवसानंतर कधी दाराची कडी लावून झोप घेतली नाही. वीस वर्षे गावात बाभळीसुद्धा उगवल्या नाहीत, असे आपण म्हणू. पुढे १९७० नंतरच्या दशकात ग्रीस सरकारच्या पर्यटन खात्याने ईआतली पडकी घरे हाती घेतली, ती जुन्या पद्धतीनेच दुरुस्त केली आणि पाहुण्यांना राहायला देऊ लागले. त्यावरून इतरांना सुचले. आता सगळ्यात खालच्या, गरिबाच्या गुहेलाच सर्वांत जास्त भाडे! कारण समुद्र तेथून चांगला दिसतो. मालकीणबाई म्हणाल्या, "माझी आजी म्हणे, देव श्रीमंतांना खिडक्या देतो आणि आम्हांला वारा." हे सांगून त्या स्वतःच हसल्या.

आणि पाणी! आपल्या भंडाऱ्याच्या बायांना पाण्याचे अप्रूप नाही, आपला जिल्हा तळ्यांचा. त्या बेटावर नदी नाही, ओढा नाही. पाऊस थोडा, तोही हिवाळ्यात. म्हणून प्रत्येक घराचे छप्पर व अंगण असे उतरते केलेले की पडलेला थेंब अंगणाखालच्या टाक्यात जावा. पावसाआधी छप्पर झाडून चुना द्यायचा. चुन्याने पाणीही राखले जाई. पांढऱ्या घरांचे आपण एवढे कौतुक करतो, त्यातला एक भाग हा असा पाण्यासाठी केलेला उठारेटा आहे. आमचे दगडी न्हाणीघर म्हणजे त्या खलाशाच्या घरचे पाण्याचे टाकेच होते. त्याची बायको ज्या पाण्यात वर्ष काढी, तेवढे पाणी दारापुढच्या तळ्यात आम्हांला पाय बुडवायला! हल्ली समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करतात व नळाला सोडतात, प्यायला बाटल्या येतात. मी त्या तळ्यात उतरले नाही. भाची उतरली. मी काठावर बसून पाय बुडवले, तेही तिने ओढले म्हणून. पाणी छान होते, हे कबूल केले पाहिजे.

जेवणाचे सांगते, कारण तुम्ही विचारणारच. फराळाला दही, पण आपल्या चक्क्यासारखे घट्ट, त्यावर मध आणि अंजीर. दुपारी मालकीणबाईंनी मला शाकाहारी म्हणून मुद्दाम 'फावा' दिला. पिवळे, दाट, वर बारीक कांदा, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल. पहिला घास घेतला आणि मी भाचीला म्हटले, "अग, हे तर वरण!" फोडणीवाचून राहिलेले वरण. डाळ दाखवा म्हटले तर त्यांनी मूठभर आणून दाखवली. आपल्या लाखोळीच्याच कुळातली. दिसायलाही बहीण शोभावी अशी. लाखोळी फार खाऊ नये, पाय धरतात, असे माझी आजी सांगे. पण आपल्या धानाच्या बांधीत कापणीनंतरच्या ओलीवर ती कशी निघते, तशीच तेथे ही जवळजवळ पाण्यावाचून निघते. तेथले टमाटेही बोराएवढे, कारण पाणी घालतच नाहीत, आणि चवीला असे की मिठाची गरज नाही. त्यांची भजी करतात. द्राक्षाच्या वेली मांडवावर चढवीत नाहीत, जमिनीवरच टोपलीसारख्या गोल वळवतात, म्हणजे वारा लागत नाही आणि समुद्रावरून येणारे दव आत टिकते. हे पाहून मला फार बरे वाटले. गृहिणीची अक्कल सगळीकडे एकच दिसते, जे आहे त्यात भागवायचे.

मी मालकीणबाईंना म्हटले, याला लसूण-जिऱ्याची फोडणी द्या. त्या म्हणाल्या, दाखवा. जिरे माझ्या पेटीत होतेच. त्यांच्या स्वयंपाकघरात मी ऑलिव्हच्या तेलात फोडणी दिली, लाल मिरचीसह. आचाऱ्याला ठसका लागला तो पाच मिनिटे थांबेना. पण मालकीणबाईंनी पोळीसारख्या पावाला लावून सगळे पुसून खाल्ले.

तेव्हाच त्यांनी एक शब्द सांगितला. ग्रीक भाषेत 'क्सेनोस' म्हणजे परका, आणि 'क्सेनोस' म्हणजेच पाहुणा. एकच शब्द. हॉटेलला जो शब्द आहे तोही त्यातूनच निघाला. मी म्हटले, आमच्याकडे परका निराळा आणि पाहुणा निराळा. त्यांनी विचारले, "आणि ही मुलगी तुमच्याकडे कोण होती?" भाचीने त्यांना माझ्या नकळत सगळे सांगून ठेवले होते. मी म्हटले, "ती घरची होती." भाचीने हे वाक्य भाषांतर करून सांगितलेच नाही. ती उठून पाणी आणायला गेली.

तिसऱ्या दिवशी आम्ही बसने अक्रोतिरी पाहायला गेलो. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले हे गाव स्पिरिदोन मारिनातोस या विद्वानाने १९६७ पासून खणून काढले. आता त्यावर मोठे छप्पर आहे. दुमजली-तिमजली घरे, रस्त्याखाली गटारे, वरच्या मजल्यावर शौचकूप, आणि कोठारांत ओळीने मोठमोठे रांजण, धान्याचे व तेलाचे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे! पण भगिनींनो, त्या गावात माणसाचा एकही सांगाडा मिळालेला नाही, आणि सोन्याचा एक लहानसा बोकड सोडला तर दागिनाही नाही. आधी भूकंपाचे धक्के बसले, तेव्हा लोक सावध झाले आणि मौल्यवान ते बरोबर घेऊन गेले. लाकडी पलंग मात्र बाहेर काढून ठेवलेले होते. लाकूड कुजले पण राखेत त्याचा ठसा राहिला. त्या पलंगांपाशी मी पुष्कळ वेळ उभी होते. कोणीतरी बाईनेच म्हटले असेल, आधी पलंग बाहेर काढा, मग केर भरू. आणि केर भरायला वेळ मिळाला नाही.

ईआचा सूर्यास्त प्रसिद्ध आहे. त्याविषयी एवढेच सांगते की तो पाहायला इतकी गर्दी होते की मी पुढच्या माणसाची पाठ पाहिली. आपल्या वैनगंगेच्या पुलावरून तोच सूर्य मोकळा दिसतो.

शेवटच्या सकाळी मी जागी झाले आणि सवयीने चादरीला हात घातला. मग तो हात मागे घेतला. अंथरुण तसेच विस्कटलेले ठेवले, आयुष्यात पहिल्यांदा! भाची पाहत होती. म्हणाली, "मावशी, जमले तुला." मग दोघी खूप हसलो, आणि त्या भाड्याच्या भांडणाचे काय झाले ते दोघींपैकी कोणीही पुन्हा काढले नाही. मी त्या अल्बानियन बाईसाठी चिवड्याची पिशवी आणि हिरव्या बांगड्यांचा डझन ठेवला. बांगड्या तिच्या हातात जाईनात, हाड मोठे. तिने त्या रुमालात बांधून घेतल्या आणि मोबाईलवर मुलीचा फोटो दाखवला. मुलगी अठराची होती, तिच्या हाताला बरोबर येतील म्हणाली. पेटी नेणाऱ्या मुलाला मी सांगितले, आता आडवी नेलीस तरी चालेल, लोणचे संपले.

घरी आल्यावर दोन महिन्यांत, ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी साडेसातच्या सुमारास आपल्याकडे धक्का जाणवला होता, आठवते ना? त्याचे मूळ तेलंगणात मुलुगूला होते, ५.३ चा. मी दारात उभी राहिले आणि मला एकदम ती गुहा आठवली. आणि पुढे काय व्हावे! २०२५ च्या जानेवारीअखेर तेथे समुद्रात भूकंपांची रांगच लागली. दिवसाला शेकडो धक्के. शाळा बंद, आणीबाणी जाहीर, आणि अकरा हजारांवर माणसे बोटींनी व विमानांनी बेट सोडून गेली. १० फेब्रुवारीचा धक्का सर्वांत मोठा, तोही ५.३ चाच. टीव्हीवर बंदरात ओळीने उभी माणसे दाखवीत होते, प्रत्येकाजवळ एकदोन पेट्या. मी त्या ओळीत डोक्याला रुमाल बांधलेली बाई शोधत होते.

भाचीला फोन करून हॉटेलला पत्र पाठवायला लावले. आठ दिवस उत्तर नाही. मग मालकीणबाईंचे आले. त्या अथेन्सला मुलाकडे होत्या. हॉटेल हिवाळ्यात बंदच असते, त्यामुळे कोणी आत नव्हते. आमच्या गुहेच्या कमानीला केसाएवढी चीर गेली होती, ती पाहून घेतली आहे. अल्बानियन बाई नोव्हेंबरातच मुलीकडे गेली होती, आणि एप्रिलात कामावर येणार असे तिने कळवले होते. मार्चपर्यंत धक्के ओसरले व लोक परत आले.

पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले होते की लसूण-जिऱ्याची फोडणी दिलेला फावा त्या आता घरी नेहमी करतात, मिरची मात्र अर्धीच घालतात, आणि जिरे किती तापवायचे ते पुन्हा एकदा कळवावे. मी कळवले आहे. फोटो चिटणीसबाईंकडे दिले आहेत, पाहून झाल्यावर परत करावेत, त्यांत तो साडीचाही आहे.